आधी कव्हर

तळोद्यासारख्या गावात फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे नुसते फोटो काढून भागत नाही. उन्हाळ्यात लग्नाचं कव्हरेज, जूनमध्ये पोरांचे पासपोर्ट फोटो आणि स्कॉलरशिपचे फॉर्म, गणपती-नवरात्रात बॅनर, आणि वर्षभर मधेमधे कव्हरं. हे शेवटचं काम मी बोर्डावर कधी लिहिलं नाही, पण जीव त्यातच जास्त रमला. पॅनासोनिकचा एम ९००० खांद्यावर घेऊन व्हीएचएसवर लग्नं काढायचो, तेव्हापासून भजनी मंडळं, सोंगाड्या पार्ट्या, रोडालीची गाणी म्हणणारे यांच्या कॅसेटची इनले कार्डं माझ्याकडे यायची. पुढे व्हीसीडीची पाकिटं आली, मग पेन ड्राइव्हवर चिकटवायचे स्टिकर (हो, तेही केलेत), आणि आता यूट्यूबचं थंबनेल.

एका पावसाळ्यात कॉलेजच्या पोरापोरींचा घोळका दुकानात शिरला आणि एकाने विचारलं, "भाऊ, थंबनेलचे किती घेता?" व्हिडिओ दाखवा म्हटलं, तर व्हिडिओ काढायचाच होता. गाणं मात्र तयार होतं. धडगावकडच्या एका पावरा मुलीने लिहिलेलं. पाचवीत आश्रमशाळेत जायला निघालेली पोर, तिची पत्र्याची पेटी, आणि पेटीत आईने काय काय भरून दिलं त्याची यादी, असं ते गाणं. मुखडा पावरी बोलीत. मधलं एक कडवं शहाद्याकडच्या मुलाने अहिराणीत जोडलेलं, कारण त्यालाही गायचं होतं. कीबोर्ड आणि पॅडवर कुणाच्या तरी घरी रेकॉर्ड केलेलं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. स्नेहसंमेलनात दाखवायचं आणि मग यूट्यूबवर टाकायचं, असा बेत.

मी म्हटलं, बरोबर वेळेला आलात. कव्हर आधी करू, शूटिंग नंतर.

त्यांना हे उलटं वाटलं. वाटणारच. आमच्याकडे रीत अशी, की आधी भरमसाट शूटिंग करायचं, मग मिक्सिंगला बसायचं, आणि सगळ्यात शेवटी, रात्री अकरा वाजता, त्यातली एक फ्रेम उचलून तिच्यावर पिवळ्या अक्षरांत नाव टाकायचं. मी स्वतः कैक वर्षं असंच करत आलो. पण कव्हरं करता करता एक गोष्ट नजरेला येत गेली. जी मंडळी कव्हरसाठी "काहीही टाका, भारी दिसलं पाहिजे" म्हणायची, त्यांच्या कॅसेटमध्येही काहीही असायचं. आणि एखादा भजनी बुवा "माझा फोटो नको, मृदंग टाका" म्हणून हटून बसायचा, त्याच्या कॅसेटमध्ये मृदंग खरोखर ऐकण्यासारखा असायचा. एका चौकोनात काय ठेवायचं हे ज्याचं ठरलंय, त्याला अर्ध्याअधिक शूटिंगचं उत्तर मिळालेलं असतं.

म्हणून त्या दिवशी मी माळ्यावरचं खोकं खाली काढलं.

खोक्यात माझी जमवाजमव आहे. काही एलपी, बऱ्याच कॅसेट, व्हीसीडी. पोरांनी एलपी हातात पहिल्यांदाच घेतली होती. बारा इंची चौकोन बघून एक जण म्हणाला, हे तर वॉलपेपरएवढं आहे. मग कॅसेटचं कार्ड शेजारी ठेवलं, चार इंच बाय अडीच. आणि त्याच्या शेजारी फोनवर उघडलेलं थंबनेल, दोन बोटं रुंद. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांत कव्हर कसं आटत गेलं, ते टेबलावर एका ओळीत दिसत होतं.

मुळात कव्हरवर चित्र असावं ही कल्पनाच फार जुनी नाही. १९४०च्या आधी तबकड्या बहुतेक साध्या खाकी किंवा करड्या पुठ्ठ्यात विकल्या जायच्या, वर नुसतं नाव. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा तेविशीचा पोरगा नोकरीला होता, त्याने मालकांना पटवलं की मला चित्र टाकू द्या. पहिल्या कव्हरसाठी त्याने काय केलं? न्यूयॉर्कच्या इंपीरियल थिएटरच्या दारावरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं बदलून घेतली, तिथे रेकॉर्डचं नाव लावलं आणि फोटो काढला. तेवीस वर्षांचा म्हटल्यावर पोरं सरसावून बसली. आमच्याकडे त्या काळात एचएमव्हीचा कुत्रा होता. गावोगाव रेकॉर्डची ओळख कुत्र्यावरूनच. आत कोण गातंय ते नंतर. तोही मुळात फ्रान्सिस बरॉ नावाच्या चित्रकाराचं एक चित्र होता. त्याने कुत्र्यासमोर आधी दुसऱ्याच कंपनीचं दंडगोल लावायचं यंत्र रंगवलं होतं. ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घ्यायचं कबूल केलं ते यंत्र बदलण्याच्या अटीवर. रंगाच्या थराखाली जुनं यंत्र अजून आहे म्हणतात. म्हणजे फोटोशॉप येण्याच्या कितीतरी आधी क्लायंटने "एवढं बदलून द्या" म्हटलेलं होतं.

भक्तिगीतांच्या कॅसेटचा साचा त्यांनी चटकन ओळखला: मध्ये देव, डोक्यामागे किरणं, कोपऱ्यात लंबगोलात गायकाचा फोटो, खाली कंपनीचं नाव. याहा मोगी मातेच्या गाण्यांच्या कॅसेटनेही तोच साचा उचलला. देवमोगऱ्याच्या यात्रेत महाशिवरात्रीला अशी कार्डं ढिगाने विकली जायची. मी विचारलं, यात देवीचं आपलं असं काय आहे आणि कॅलेंडरवाल्यांचं काय आहे? खूप वेळ कुणी बोललं नाही. मग नवापूरकडची मुलगी म्हणाली, हातातली कणसाची टोपली आपली, किरणं त्यांची. यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

आणखी एक कार्ड त्यांच्या हाती लागलं, माझं स्वतःचं. खाली "जि. धुळे" छापलेलं. त्यावर "नंदुरबार" असं शिक्का मारून बदललेलं. १ जुलै १९९८ला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्या मंडळाची छापील कार्डं पडून होती. पुन्हा सुरतेहून छापून आणण्यापेक्षा रबरी शिक्का स्वस्त पडला. पोरांच्या जन्माआधीची गोष्ट. ते कार्ड त्यांनी फार वेळ पाहिलं, आणि मला वाटतं, अक्षरावर अक्षर चढवण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात तिथूनच शिरली. पण ते पुढे.

ॲबी रोडचं कव्हर मी कॉम्प्युटरवर दाखवलं. बीटल्सची माहिती कुणालाच नव्हती, पण झेब्रा क्रॉसिंगवरून चालणारी चार माणसं त्यांनी कुठल्या तरी टी-शर्टवर पाहिली होती. ८ ऑगस्ट १९६९. पोलिसाने गाड्या थांबवल्या, फोटोग्राफर इयन मॅकमिलन शिडीवर चढला, दहाएक मिनिटांत सहा फोटो काढले, त्यातला एक निवडला. समोरच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. हे ऐकून त्यांच्यातला नवापूरचा कॅमेरावाला खूश झाला: "बघा, दहा मिनिटांत होतं!" त्याला दुसरी बाजू सांगावी लागली. पॉल मॅकार्टनीने कोण कुठे चालणार याचं रेखाटन आधीच कागदावर केलेलं होतं. दहा मिनिटं पुरली ती त्या कागदामुळे.

"मग आपणही कागद काढू," गाणं लिहिणारी म्हणाली. ती कमी बोलायची आणि वहीत जास्त लिहायची.

पहिला कागद आला तो कागद नव्हताच. कॅमेरावाल्याने रातोरात फोनवरच्या ॲपमध्ये कव्हर करून आणलं. गेरूच्या रंगावर पांढरी काडीची माणसं, मध्ये वाकडं लांब वाद्य वाजवणारा, त्याच्याभोवती गोल धरून नाचणारे. ॲपमध्ये "ट्रायबल" असं टाइप केलं की हेच येतं. मी त्याला विचारलं, हे वाद्य कोणतं? त्याला माहीत नव्हतं. धडगावच्या मुलीलाही नव्हतं. कसं असेल? तो तारपा. पालघरकडच्या वारल्यांचा. जिव्या सोमा म्हशे यांनी डहाणूकडच्या गंजाडच्या घराच्या भिंतीवरचं ते चित्र कागदावर आणून जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता मुंबईच्या हॉटेलपासून सरकारी कंपाउंडपर्यंत जिथे "आदिवासी" दाखवायचं तिथे वारली काढतात. चित्र थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या जिल्ह्यात शंभरातली जवळपास सत्तर माणसं आदिवासी; भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, वसावे, पाडवी, वळवी. आणि आपल्या गाण्याच्या कव्हरवर शेकडो किलोमीटर लांबच्या माणसांचं वाद्य? कव्हर बघून ज्याने गाणं लावलं, तो आत तारपा शोधत बसणार.

"मग बुध्या टाकू," लगेच दुसरा पर्याय आला. इथे मला थोडं थांबावं लागलं, कारण बुध्याचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी मी कितीदा तरी काढली आहे. रात्रभर ढोल, पहाटे उंच बांबूची होळी पेटते, आणि तिच्याभोवती बावा, बुध्या, मोरखी नाचत असतात. बुध्याच्या डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला सुकवलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. चालला तरी ताल धरतो. कॅमेऱ्याला याहून देखणं काही मिळत नाही. म्हणून तर होळीला पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर अंधारातच येऊन जागा धरतात.

मी फोटो दाखवले. सगळे "वा" म्हणाले. गाणं लिहिणारी गप्प. शेवटी म्हणाली, "माझा काका बुध्या होतो. नवसाचा. त्या दिवसांत खाटेवर बसत नाही, चप्पल घालत नाही, घरी जात नाही. पालनी असते. हे गाणं होस्टेलचं आहे ना भाऊ? मग त्यात होळी कशाला?"

कॅमेरावाला म्हणाला, कुणाला तरी तसा ड्रेस घालून उभं करू, नाचायला आमची पोरं आहेत. ती म्हणाली, ड्रेस नाही तो.

त्या खोलीत एवढ्यावरच तो विषय मिटला, आणि बरं झालं. मला वाटत होतं की हे मला समजावून सांगावं लागेल, लागलं नाही. मात्र कव्हराच्या बाजूने एक मुद्दा मी नंतर मांडला, तो इथे पुन्हा सांगतो. पालनी बाजूला ठेवली तरी बुध्या त्या कव्हरवर चुकीचाच होता. कारण तो इतका जबरदस्त दिसतो की गाण्यातली दहा वर्षांची पोर त्याच्यामागे दिसेनाशी होते. बघणारा होळीचं गाणं समजून आत येईल आणि साबण, तिखट, चादर ऐकून परत जाईल. देखणी फ्रेम आणि कामाची फ्रेम यांत फरक करायला मला स्वतःला बरीच लग्नं लागली.

तिसरा पर्याय लाल मिरचीचा. हे टाळणं नंदुरबारात कुणालाच जमत नाही. थंडीत शहराच्या आसपास पथाऱ्यांवर एकरच्या एकर मिरची वाळत पडलेली असते, वरून ड्रोन उडवला की अख्खी स्क्रीन लाल. दरवर्षी दोन-चार गाणी तिथे निघतात. मी एका अहिराणी गाण्यासाठी पथारीवर शूटिंग केलं आहे. हिरोईनला पहिल्या कडव्यातच ठसका लागला. कॅमेरामनने घाम पुसायला हात डोळ्याला लावला आणि संपलं, अर्धा दिवस तो नळाखाली. आणि ज्या बाया तिथे दिवसभर बसून मिरचीची देठं खुडतात, त्या तोंडाला रुमाल बांधून हे सगळं शांतपणे बघत होत्या. आता पथारीचं नाव काढलं की मला तो लाल रंग दिसत नाही, त्या बाया दिसतात. पोरांना एवढंच सांगितलं, की सध्या पावसाळा आहे, मिरची झाडाला आहे. प्रश्न मिटला.

मग गाणं लिहिणारी एका रविवारी गावाहून पेटी घेऊन आली.

साधी पत्र्याची पेटी, होस्टेलच्या प्रत्येक कॉटखाली असते तशी. कोपरे चेपलेले, कडी वाकलेली, मूळचा हिरवा रंग उडून गंज दिसणारा. झाकणावर ऑइलपेंटने नाव, गाव, इयत्ता. पण ते नाव तिचं नव्हतं. म्हणजे तिचंही होतं. आधी मोठ्या बहिणीचं नाव होतं; पेटी धाकटीकडे आली तेव्हा त्यावर रंगाचा पट्टा मारून तिचं नाव घातलेलं. पट्टा पातळ, त्यामुळे खालची अक्षरं वर आलेली. "इयत्ता ५ वी"चा पाच खरवडून आठ केलेला, आठाचा दहा. पेंटरची अक्षरं आणि घरच्या माणसाची अक्षरं वेगळी कळत होती. पेंटरच्या अक्षरांना सावली होती, घरच्यांच्या अक्षरांना उतार.

मी पेटी दुकानाबाहेरच्या ओट्यावर ठेवली. ढगाळ उजेड होता, कव्हरसाठी त्याहून चांगला उजेड नाही. कडक सावली पडत नाही, पत्रा चमकत नाही. स्टुलावर चढून सरळ वरून फोटो काढला. झाकण आडवं, कव्हर चौरस, तेव्हा काय कापायचं हा प्रश्न आला. इथे पोरांनी बराच वाद घातला आणि मी मधे पडलो नाही. पूर्ण नाव-गाव दिसलं तर यूट्यूबवर कुणीही शोधत येईल. मुलीचं नाव, गाव आणि खालच्या कमेंट, हे गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. शेवटी कापलं ते असं: दोन्ही नावांची फक्त शेवटची दोन-तीन अक्षरं एकमेकांवर चढलेली, खाली तो खरवडलेला आकडा, आणि उजव्या कडेला कडीचा तुकडा. गाण्याचं नाव वेगळ्या फाँटमध्ये टाकायचं नाही असंही त्यांनीच ठरवलं. माझ्याकडे श्रीलिपीचे ढीगभर फाँट आहेत, मी चार दाखवलेही. कॅमेरावाला म्हणाला, पेटीवर पेंटरनेच लिहिलं तर? मग त्याच रंगाने, जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर, बसस्टँडजवळच्या पेंटरकडून नाव लिहून घेतलं आणि ते फोटोत बसवलं. पेंटरने सावली दिली, पैसे घेतले नाहीत.

कव्हर ठरलं आणि शूटिंगचं बाड एकदम हलकं झालं. आधीच्या यादीत तोरणमाळचा सातपायरी घाट होता, यशवंत तलाव होता, प्रकाशाचा घाट होता, सारंगखेड्याचे घोडे होते (घोडे कशाला, ते मी विचारलंच). आता प्रत्येक जागेला एकच प्रश्न: पेटी इथे येते का? तोरणमाळला येत नव्हती. गळालं. प्रकाशा गळालं. राहिलं ते घर, रस्ता, चांदसैली घाट, होस्टेलची खोली. चांदसैलीत पावसात कधी दरड येईल सांगता येत नाही, म्हणून घाटाचे शॉट पहिल्या उघडिपीला उरकायचे आणि खोलीतले शॉट पावसाच्या दिवसांसाठी राखून ठेवायचे, असा क्रम लावला.

वहीच्या पानावर त्यांनी रकाने आखले. सेकंद, गाण्याची ओळ, काय दिसणार, कुठे, कोण. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांत. त्यामुळे शॉट कापायचे ते दोन, चार किंवा आठ सेकंदांवर, अशी सोपी खूणगाठ बांधता आली. मुखड्यात पेटी भरायची, एका ओळीला एक वस्तू. कडव्यात रस्ता. म्युझिक पीसमध्ये कुणी नाचायचं नाही, फक्त पेटीचा प्रवास: डोक्यावर, जीपच्या टपावर, जिन्यात, कॉटखाली. अहिराणी कडवं म्हणणारा होस्टेलचा जुना पोरगा, दारात उभा.

एसटीचा प्रश्न अडला. गाण्यात एसटी होती. पण एसटीच्या आत शूटिंग करायचं तर महामंडळाची रीतसर परवानगी काढावी लागते, आणि पोरांकडे ना वेळ ना पैसे. मी त्यांना मालेगावच्या नासिर शेख यांची गोष्ट सांगितली. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस, त्याने गावातल्या गावात "मालेगाव के शोले" काढला, डाकूंना घोडे मिळेनात तर सायकली दिल्या. लोक हसले, आणि हसण्यासाठीच तो पिक्चर चालला. आपल्याला हसवायचं नव्हतं, पण युक्ती तीच. बस आतून दाखवायचीच नाही. घाटाच्या वळणावरून लांब जाणारी लाल बस एकदा दिसते, पुढचे सगळे शॉट क्रूझर जीपच्या खिडकीतले, चेहऱ्यावर बाहेरची झाडं सरकतात, आणि आवाज एसटीचा. एकानेही विचारलं नाही की बस कुठे गेली.

लिप सिंकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक पोरांचे व्हिडिओ इथे पडतात. फोनवर काढलेल्या व्हिडिओची फ्रेमची गती स्थिर नसते. उजेड कमी झाला की फोन स्वतःच फ्रेम कमी करतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण पूर्ण गाणं एका टेकमध्ये काढलं की शेवटच्या कडव्यात ओठ पुढे आणि आवाज मागे. उपाय दोन: गती बांधून ठेवणारं ॲप वापरायचं, आणि गाणं तुकड्यांत काढायचं. दुसरं, गाणं ऐकवायला स्पीकर लावतात. घाटात वारा इतका, की स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशीच ठेवावा लागला. मग कॅमेरा शंभर मीटर लांब नेला तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा भाग जातो, आणि एडिटिंगमध्ये त्या आवाजावरून जुळवलं की ओठ चुकतात. म्हणून लांबच्या शॉटमध्ये ओठ दाखवायचेच नाहीत, पाठमोरं चालायचं.

आणि एक गंमत. गाणं लिहिणारीला मुखड्याच्या शेवटी चाल मंद हवी होती, पण ओठ मात्र गाण्याबरोबर. त्यासाठी ६० फ्रेमने शूट करायचं, गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, तिने त्या वेगात म्हणायचं, आणि मग ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर ते अर्ध्या वेगात टाकायचं. ओठ गाण्यावर, बाकी सगळं संथ. दुप्पट वेगातलं पावरी गाणं घाटात वाजलं तेव्हा गुरं चारणारी दोन पोरं पोट धरून हसली. गाणारीला हसू आवरेना. ज्या टेकमध्ये ती ओठ दाबून हसू थांबवते आहे, तोच शॉट शेवटी राहिला. अर्ध्या वेगात ते हसू रडू आवरल्यासारखं दिसतं. ठरवून आम्हाला असं काढता आलं नसतं.

व्हिडिओ झाला. भारी झाला असं म्हणणार नाही. खोलीतला उजेड पिवळा पडला आहे, अहिराणी कडव्यात मुलगा गरजेपेक्षा जास्त वेळ दिसतो (त्याच्या काकाची जीप होती). पण दोन मिनिटं बघितल्यावर हे गाणं कशाबद्दल आहे हे विचारावं लागत नाही. "हाई झुमका वाली पोर"सारखी कोट्यवधी व्ह्यूजची अहिराणी गाणी बघत वाढलेल्या पोरांनी पेटी मध्यभागी ठेवून नाच गाळला, याचंच मला अप्रूप.

ऑडिओ ॲपवर गाणं चढवायला कव्हर चौरस लागतं, ३००० बाय ३००० पिक्सेल. ते तसंच गेलं. यूट्यूबला मात्र आडवं, १२८० बाय ७२०. तिथे उजव्या कोपऱ्यात खाली व्हिडिओची वेळ दाखवणारी काळी पट्टी येते आणि नेमकी ती कडीवर आली. म्हणून थंबनेल वेगळं करावं लागणारच होतं. तेवढ्यात धडगावहून निरोप आला. गावात रेंज टेकडीवर मिळते, तिथे जाऊन गाणं लिहिणारीच्या आईने गाणं बघितलं होतं. गाणं आवडलं, घर ओळखलं, बकरी ओळखली. पण चित्र तिला पसंत नव्हतं. मुलीने फोन स्पीकरवर टाकला आणि मला मराठीत सांगितलं: "आई म्हणते, पेटीला कुलूप कुठंय? कुलूप न लावता पोरीची पेटी कोण पाठवतं?"

आम्ही इतके जण, इतके दिवस, उजेड, कापणी, अक्षरं यावर बोललो, आणि हे एकालाही दिसलं नव्हतं. आईने पेटीत साबण, तिखट, चादर भरली ती गाण्यासाठी नाही, पोरगी परक्या गावी राहणार म्हणून. तिच्या लेखी किल्लीशिवाय ती यादी पूर्ण होत नव्हती. कव्हरवरची इतकी नेमकी टीका मी मोठमोठ्या आर्टिस्टांकडून ऐकलेली नाही.

थंबनेलसाठी पुन्हा फोटो काढला. पितळी कुलूप माझ्याच शटरचं, कारण पोरांनी आणलेलं नवं कुलूप फार चकचकीत दिसत होतं. पेटी उलटी फिरवून कडी डाव्या बाजूला घेतली, म्हणजे वेळेची पट्टी आड येत नाही. अक्षरं त्यामुळे उलटी आली, ती फोटोशॉपमध्ये सरळ करून बसवली. ऑडिओ ॲपवरचं चौरस कव्हर बदलायचं तर सगळी फाइल पुन्हा पाठवून आठवडाभर थांबावं लागेल असं कळलं. परीक्षा जवळ आली होती, कुणी त्या भानगडीत पडलं नाही. त्यामुळे यूट्यूबवर पेटीला कुलूप आहे आणि गाण्याच्या ॲपवर ती उघडीच आहे. आईला आम्ही यूट्यूबचीच लिंक पाठवली.